फोटो, लाईक आणि नियत: सीवूड्सच्या तलावाकाठी शिकलेल्या गोष्टी

फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या रविवारी सकाळी नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या डीपीएस तलावाकडे चक्कर मारा. पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मान खाली घालून चरत असतात आणि काठावर माणसं उभी असतात. काहींकडे हातभर लांब लेन्स आणि तिपाई, बाकी सगळ्यांच्या हातात मोबाइल. मॉर्निंग वॉकला आलेले आजोबा, कॉलेजची मुलं, बुरख्यातल्या दोन बहिणी, शेजारच्या सोसायटीतलं कुटुंब. जो तो फोटो काढतोय. घरी पोहोचायच्या आत ते फोटो इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर चढलेले असतात.

आम्ही शाळेत शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना दोन-तीन वेळा या तलावावर घेऊन गेलो आहोत. जाताना एकच प्रश्न हमखास येतो, "सर, फोटो काढायचे ना?" येताना दुसरा प्रश्न येतो, "सर, माझ्या फोटोला लाईक कमी का आले?" हा लेख या दोन प्रश्नांमधल्या अंतराविषयी आहे. फोटोग्राफी आज एवढी लोकप्रिय कशी झाली, त्यातून आपल्या शहराला काय मिळालं, आणि आपल्या समाजातल्या मुलामुलींनी ही कला हातात घेताना काय सांभाळायला हवं, ते जरा नीट बघू.

राजवाड्यातून खिशात

फ्रान्समध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत जगासमोर खुली झाली. म्हणून १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन मानतात. हिंदुस्थानात कॅमेरा यायला फार वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. तिकडे लखनऊमध्ये दारोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये शहराच्या इमारतींचा फोटो-अल्बम प्रसिद्ध केला. १८५७ नंतरचं लखनऊ कसं दिसत होतं हे समजायला तो अल्बम आजही अभ्यासक उघडतात.

पण सामान्य घरात फोटो ही मोठी गोष्ट होती. आमच्या अम्मीचे तरुणपणीचे फोटो दोनच. एक लग्नाआधी स्टुडिओत काढलेला आणि दुसरा कागदपत्रांसाठी. दोन्ही लोखंडी पेटीत, कपड्यांच्या घडीखाली. रोलमध्ये ३६ फोटो असायचे, धुवायला पैसे लागायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करायचा.

मग मोबाइलला कॅमेरा आला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. स्वस्त इंटरनेट आलं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. आज फोटो काढायला खर्च शून्य, दाखवायला खर्च शून्य. शिवाय फोटोला भाषा लागत नाही. नीट मराठी लिहिता न येणारा आणि इंग्रजीला घाबरणारा मुलगासुद्धा फोटोतून बोलू शकतो. आमच्या वर्गात निबंधाला चार ओळी न लिहिणारी मुलं फोटोत प्रकाश कुठून घ्यायचा यावर अर्धा तास वाद घालतात. ही या कलेची खरी ताकद आहे आणि तिला नावं ठेवून उपयोग नाही.

मोबाइलही आता साधा राहिलेला नाही. आपण एकदा बटण दाबतो, पण फोन एका क्षणात अनेक फोटो घेतो, उजळ-अंधार जुळवतो, चेहरा ओळखतो, आकाश निळं करतो. म्हणजे तांत्रिक सफाई फोनच देतो. माणसाकडे उरतं ते एवढंच: कुठे उभं राहायचं, किती थांबायचं, काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही. आमच्या मते कला उरली आहे ती याच चार गोष्टींत.

लाईक कसे ठरतात

मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तुमचा फोटो किती जणांना दिसेल हे अॅपची यंत्रणा ठरवते. लोक फोटोवर किती वेळ थांबले, कुणाला पाठवला, सेव्ह केला का, कमेंट केली का, याचा हिशेब ती ठेवते. जे जास्त थांबवतं ते जास्त पुढे ढकललं जातं. माणूस कशावर थांबतो? भडक रंगावर, धक्क्यावर, रडण्यावर, भांडणावर. शांत, संयमाने घेतलेला फोटो बोटाच्या एका फटक्यात वर सरकतो.

म्हणून कमी लाईक म्हणजे वाईट फोटो असं नाही, आणि लाखभर लाईक म्हणजे चांगला फोटो असंही नाही. लाईक हे गर्दीचं माप आहे. मात्र या गर्दीचा चांगला उपयोगही होतो, आणि त्याचं उदाहरण आपल्याच शहरात आहे.

गुलाबी खाडीची गोष्ट

ठाणे खाडीत दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास रोहित येतात आणि साधारण मे-जूनपर्यंत राहतात. मोठा रोहित आणि लहान रोहित, अशा दोन्ही जाती. बरेचसे गुजरातच्या कच्छकडून येतात. खाडीच्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचं अन्न, आणि त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे त्यांची पिसं गुलाबी होतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. म्हणून इथले जाणकार फोटोग्राफर घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतात.

ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. मधे २०२० चा लॉकडाऊन होता. एप्रिल महिन्यात नेरूळच्या पाणथळ जागा गुलाबी दिसतानाचे फोटो देशभर आणि देशाबाहेर फिरले. घरात कोंडलेल्या लोकांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. पाम बीच रोडने रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या इमारतींच्या मागे एवढं काही आहे.

या ओळखीचा उपयोग पुढे झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावाच्या परिसरात काही रोहित मेले. खाडीचं पाणी तलावात येण्याचा मार्ग बंद झाल्याने तलाव कोरडा पडत चालल्याचं समोर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका विमानाच्या धडकेत सुमारे ४० रोहित मेले. सीवूड्स-नेरूळचे रहिवासी आणि पक्षीप्रेमी कोरड्या तलावाचे, मेलेल्या पक्ष्यांचे फोटो टाकत राहिले, अधिकाऱ्यांना पाठवत राहिले, रस्त्यावरही उतरले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

हे सगळं फोटोंमुळेच झालं असं म्हणणं खोटं ठरेल. अर्ज करणारे, कोर्टात जाणारे, पक्षी मोजणारे यांची मेहनत त्यामागे आहे. पण कालचा भरलेला तलाव आणि आजचा कोरडा तलाव, असे तारखेसह दोन फोटो शेजारी ठेवले की कुणाला नाकारता येत नाही. इथे फोटो गवाही बनतो. आणि गवाही म्हटली की तिच्या अटीही आल्या.

गवाही खोटी होते तेव्हा

याच तलावावर आम्ही दुसरी बाजूही पाहिली आहे. पक्षी उडतानाचा व्हिडिओ मिळावा म्हणून कुणी खडे मारतं. कुणी ड्रोन इतका खाली आणतं की अख्खा थवा घाबरून उठतो. हा थवा भरतीच्या वेळी दम खायला आलेला असतो. पुन्हा पुन्हा उडावं लागलं की लांबच्या प्रवासासाठी साठवलेली त्याची ताकद वाया जाते. रीलवर ते दृश्य फार सुंदर दिसतं. खाली शेकडो बदाम येतात.

आणखी एक गोष्ट मुलांनीच दाखवून दिली. रोहितचं पिल्लू गुलाबी नसतं. ते राखाडी असतं, रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. आमच्या एका विद्यार्थ्याने फिल्टर लावून पूर्ण थवा गडद गुलाबी करून टाकला. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "अरे, यात लहान पक्षी कुठे गेले?" तोच फोटो पुन्हा मूळ रंगात बघितला तर त्यात सात राखाडी पक्षी होते. फिल्टरने ते पुसून टाकले होते. थोडा उजेड वाढवणं, फोटो सरळ करणं यात गैर काही नाही. पण जे होतं ते नाहीसं करणं आणि जे नव्हतं ते घालणं ही वेगळी गोष्ट आहे. आता तर चार शब्द लिहिले की संगणक हवा तसा फोटो बनवून देतो. अशा काळात "हे मी स्वतः पाहिलं" एवढं खात्रीने सांगता येणं हीच मोठी दौलत आहे.

बाजाराबाहेरची बाई

पक्षी तक्रार करत नाही. माणूस करतो, निदान मनात तरी. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका हुशार मुलाने तुर्भ्याच्या बाजाराबाहेर एक फोटो काढला. रस्त्यावर सांडलेला कांदा निवडून पिशवीत भरणारी एक बाई. संध्याकाळचं ऊन तिच्या पाठीवर, भोवती सालं उडतायत. फोटो म्हणून खरंच सुरेख होता. त्याने खाली गरिबीबद्दल दोन ओळी लिहिल्या, मागे दर्दभरी धून लावली आणि टाकला. त्याला आयुष्यात आले नव्हते तेवढे लाईक आले.

त्या बाईचा मुलगा आमच्याच शाळेत, दोन इयत्ता खाली होता. वर्गात कुणीतरी मोबाइल दाखवला. तो तीन दिवस शाळेत आला नाही.

आम्ही फोटो काढणाऱ्या मुलाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगा मान खाली घालून उभा. ती बाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "विचारलं असतंस तर तोंड धुऊन, पदर नीट करून उभी राहिले असते ना रे." मग तिने आम्हाला चहा केला.

मुलाने फोटो काढून टाकला. पंधरा दिवसांनी तो परत गेला, विचारून तिचा आणि तिच्या मुलाचा एकत्र फोटो काढला, स्टुडिओतून मोठा करून तिला दिला. तो फोटो त्याने कुठेही टाकलेला नाही. तेव्हापासून वर्गात एक नियम आहे: ज्याचा फोटो आहे त्याला आधी दाखवायचा. त्याने "नको" म्हटलं तर फोटो कितीही चांगला असो, बाहेर जाणार नाही.

जायज-नाजायजची जुनी चर्चा

आपल्या घरांत फोटोचा विषय निघाला की धर्माचा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. कॅमेरा आल्यापासून उलमांमध्ये यावर मतभेद आहेत. मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे पडलेली सावली धरून ठेवणं आहे, हाताने आकृती घडवणं नव्हे, असा विचार मांडून त्याला परवानगी दिली. उपखंडात मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या मोठ्या आलिमांनी सजीवांच्या फोटोविरोधात मत दिलं. पासपोर्ट, ओळखपत्र, हजचा अर्ज अशा गरजेच्या वेळी मात्र सर्वसाधारणपणे मुभा मानली गेली. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. आम्ही मुफ्ती नाही, आम्ही शिक्षक आहोत.

पण ज्या गोष्टींवर मतभेद नाहीत, त्याच आज मोबाइलवर सर्रास मोडल्या जातात. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची थट्टा, टोपणनावं, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा यांना मनाई आहे. झोपलेल्या मित्राचा तोंड उघडं असलेला फोटो ग्रुपवर टाकणं, लग्नात कुणाच्या नकळत काढलेला फोटो फिरवणं, जकात किंवा रेशन किट देताना घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवणं, हे सगळं त्यात बसतं की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा. रमजानमध्ये वाटपाचे फोटो टाकणाऱ्या संस्थांनी तर नक्कीच करावा. देणाऱ्याचा हात दिसला तरी हिशेब देता येतो, घेणाऱ्याचा चेहरा दिसायलाच हवा असं नाही.

आणि पाहण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. सूरह मुल्कमध्ये डोक्यावर पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यांकडे लक्ष वेधलेलं आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलं. कॅमेऱ्याचं मूळ तत्त्व तेच. गंमत म्हणजे आपल्या उर्दूतला 'कमरा' आणि हा 'कॅमेरा' दोन्ही शब्द 'खोली' या अर्थाच्या एकाच मुळातून आले आहेत. बुटाच्या खोक्याला एका बाजूने टाचणीने छिद्र पाडा, दुसऱ्या बाजूला पातळ कागद लावा, आणि उजेडातल्या खिडकीकडे धरा. कागदावर खिडकी उलटी दिसते. आमच्या वर्गात हा प्रयोग बघून मुलं जेवढी चकित होतात तेवढी नव्या मोबाइलने होत नाहीत.

मुलींच्या हातातला कॅमेरा

मुलींच्या बाबतीत पालक जास्त घाबरतात, आणि ती भीती पोकळ नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाचे प्रकार घडले. सोशल मीडियावरून मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, विद्यार्थिनी होत्या. पीडित स्त्रियांनी तक्रारी केल्या आणि बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटकही केली.

यातून "मुलीला मोबाइलच नको" हा धडा घेणारे बरेच आहेत. आम्हाला तो पटत नाही. गुन्हा फोटो उचलणाऱ्याचा होता, फोटो टाकणारीचा नव्हता. खातं खाजगी ठेवणं, अनोळखी विनंती न स्वीकारणं, शाळेचा गणवेश आणि घराचा पत्ता फोटोत न येऊ देणं, काही झालं तर लपवण्याऐवजी स्क्रीनशॉट ठेवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार करणं, हे मुलींना आणि मुलांनाही शिकवायला हवं. आणि ज्या मुलीला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, तिने कॅमेऱ्यामागे का उभं राहू नये? राखाडी पिल्लांकडे बोट दाखवणारी आमची विद्यार्थिनी स्वतःचा एकही फोटो टाकत नाही. ती पक्षी, खारफुटी आणि आजीचे हात यांचे फोटो काढते. वर्गात सगळ्यांत चांगली नजर तिची आहे.

दानिशचं उदाहरण

फोटो लोकप्रियही होऊ शकतो आणि माणसाची इज्जतही राखू शकतो, याचं उदाहरण मुलांनी विचारलं की आम्ही दानिश सिद्दीकी यांचं नाव घेतो. जामियातून शिकलेला हा तरुण रॉयटर्सचा छायाचित्रकार होता. रोहिंग्या निर्वासितांच्या फोटोंसाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या चमूला पुलित्झर मिळालं, त्यात ते होते. होडीतून उतरलेली एक दमलेली बाई वाकून किनाऱ्याच्या वाळूला हात लावते आहे, हा त्यांचा फोटो जगाने पाहिला. त्यात ना रक्त आहे ना आक्रोश, तरी पाहणारा थांबतो. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात वार्तांकन करताना ते मारले गेले. करोनाकाळातल्या भारताच्या फोटोंसाठी २०२२ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह मरणोत्तर पुन्हा पुलित्झर मिळालं.

फोटो टाकण्याआधी

मुलांसाठी आम्ही चार प्रश्न लिहून दिले आहेत. हा फोटो ज्याचा आहे त्याने हो म्हटलं आहे का? या जागी आपली आई किंवा भाऊ असता तर टाकला असता का? यात जे दिसतं ते तसंच होतं का? हा फोटो मिळवताना कुणाला त्रास झाला का, माणसाला किंवा पाखराला? दुसऱ्याचा फोटो वापरायचा असेल तर पाचवा प्रश्न: त्याला विचारलं का, त्याचं नाव दिलं का? आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याने फोटोवर पहिला हक्क साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. "नेटवर मिळाला" हे उत्तर चालत नाही.

मागच्या फेरीला आम्ही मुलांना पहिला अर्धा तास मोबाइल खिशातच ठेवायला सांगितलं. आधी कुरकुर झाली. मग एकाने पाहिलं की रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो. दुसऱ्याने पाहिलं की एक पक्षी बराच वेळ एका पायावर उभा आहे. भरती चढत होती आणि खाडीकडून आणखी एक थवा येत होता. मोबाइल काढायची वेळ झाली तेव्हा बहुतेकांनी दोन-तीनच फोटो काढले. परतताना लाईकचा विषय निघाला नाही, असं नाही. निघालाच. पण स्टेशनवर गाडीची वाट बघताना मुलं एकमेकांच्या फोटोतली राखाडी पिल्लं मोजत होती.